जलसंपत्तीचे उच्च शिक्षण आणि अभियांत्रिकीबाहेरचे पदवीधर



मुंबई उपनगर जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवला, तर पाण्याच्या अभ्यासाला इतकी अनुकूल जागा राज्यात क्वचितच सापडेल असे म्हणावे लागते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील डोंगरांतून दहिसर आणि पोईसर या नद्या निघतात. त्याच डोंगरांच्या कुशीत विहार आणि तुळशी हे तलाव बांधले गेले. पहिला १८६० साली पुरा झाला, दुसरा १८७९ साली. विहारच्या दक्षिणेस पवईचा तलाव आहे. या दोन तलावांच्या सांडव्यांवरून येणारे पाणी मिठी नदीत उतरते आणि साकीनाका, कुर्ला करीत माहीमच्या खाडीस मिळते. भांडुपला महानगरपालिकेचे प्रचंड जलशुद्धीकरण संकुल आहे. घाटकोपर, भांडुप, मालाड आणि वर्सोवा येथे सांडपाण्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे आहेत. आणि पवई तलावाच्या काठावरच, १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था उभी आहे. गंमत अशी की, ज्या तलावाच्या काठी जलविज्ञानाचे धडे दिले जातात, त्या तलावाचे पाणी पिण्यास योग्य नाही, म्हणून शहराच्या पुरवठ्यातून तो केव्हाच वगळला गेला.

अशा या परिसरात अंधेरी, घाटकोपर, विद्याविहार, मुलुंड येथील महाविद्यालयांतून दरवर्षी विज्ञानाचे, कलाशाखेचे आणि वाणिज्याचे पदवीधर मोठ्या संख्येने बाहेर पडतात. त्यांपैकी काहींना पाण्याच्या क्षेत्रात काम करण्याची इच्छा असते. कुणी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेले असते, कुणी गणित वा संख्याशास्त्र, कुणी भूगोल, कुणी अर्थशास्त्र. बारावीनंतर अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला नाही किंवा घेतला नाही, एवढ्यावरून जलसंपत्तीच्या उच्च शिक्षणाचे दार कायमचे बंद झाले काय, हा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर कुणी ठाम ‘होय’ असे देतो, कुणी तितकेच ठाम ‘नाही’. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, आणि अपुऱ्या उत्तरावर विसंबून घेतलेल्या निर्णयाची किंमत विद्यार्थ्याच्या आयुष्यातील दोन-तीन वर्षे आणि त्याच्या कुटुंबाची गाठीला बांधलेली शिल्लक, एवढी असू शकते. म्हणून या विषयाचा जरा बारकाईने विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर व्हावयास हवा. पाण्याचे शास्त्र अभियंत्यांनीच घडविले, हा तो गैरसमज. १६७४ साली पॅरिसमध्ये ‘झऱ्यांचा उगम’ या विषयावर एक पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. त्याचा कर्ता पिएर पेरो हा शिक्षणाने वकील आणि हुद्द्याने सरकारी महसूल गोळा करणारा अधिकारी होता. नद्यांना बारमाही पाणी येते कुठून, हा त्या काळी वादाचा विषय होता. पावसाचे पाणी त्यास पुरेल हे विद्वानांना पटत नसे. पेरोने सीन नदीच्या उगमाजवळच्या खोऱ्यात वर्षाकाठी पडणारा पाऊस आणि नदीतून वाहून जाणारे पाणी यांचा हिशोब मांडला, आणि पाऊस प्रवाहाच्या सुमारे सहापट भरतो असे दाखवून दिले. हिशोबाची सवय असलेल्या माणसाने खातेवही उघडावी तशी ही रीत होती. आजही जलविज्ञानाचा पहिला धडा हाच असतो : आले किती, गेले किती, शिल्लक किती. पुढे बाष्पीभवनाचा नियम १८०२ साली मांडणारा जॉन डाल्टन हा शिकवण्या करून पोट भरणारा रसायनशास्त्रज्ञ होता. विहिरीतून उपसा सुरू केल्यावर भोवतालची भूजलपातळी काळानुसार किती उतरते, याचे सूत्र अमेरिकेतील चार्ल्स थाइस यांनी १९३५ साली प्रसिद्ध केले. भूगर्भातील पाण्याचे वहन हे धातूतून उष्णता वाहण्यासारखेच आहे हे थाइस यांनी ओळखले होते. परंतु त्याचे गणित सोडविण्यासाठी त्यांना ल्युबिन या गणितज्ञ मित्राची मदत घ्यावी लागली. तेव्हा वकील, रसायनशास्त्रज्ञ, गणितज्ञ या सर्वांचा या शास्त्रावर पहिल्यापासून हक्क आहे.

हक्क आहे, पण सवलत नाही, हे मात्र लगेच सांगावयास हवे. वर उल्लेखिलेल्या प्रत्येकाने आकडेमोड केली होती. पाण्यावर आस्था असणे निराळे आणि पाणी मोजता येणे निराळे. अभियांत्रिकीबाहेरून येणाऱ्या पदवीधराची खरी अडचण पदवीच्या नावात नसते, गणितात असते.

उपनगरातलेच उदाहरण घ्यावे. एक चौरस किलोमीटरची वस्ती आहे असे समजू. मुंबईचे जुने पर्जन्यजलवाहक ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेले होते, आणि पडलेल्या पावसापैकी निम्माच नाल्यात येतो, उरलेला जमिनीत मुरतो, असे त्यात मानले होते. या हिशोबाने त्या वस्तीतून तासाला १२,५०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे साडेतीन घनमीटर पाणी नाल्याकडे येईल. १९९३ साली पुऱ्या झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही गृहीते बदलण्यास सांगितले : पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरावा, आणि सर्वत्र डांबर व काँक्रीट झाल्यामुळे तो सगळाच वाहून येतो असे मानावे. आता त्याच वस्तीतून सेकंदाला जवळजवळ चौदा घनमीटर पाणी येते. पावसाचा आकडा दुप्पट झाला, नाल्याचे काम मात्र चौपट झाले. हा गुणाकार सातवीच्या मुलालाही येईल. परंतु पाऊस किती धरावा, आणि पाणी किती मुरते ते कसे ठरवावे, हे दोन प्रश्न सोपे नाहीत. पहिला संख्याशास्त्राचा आहे, दुसरा मृदेचा, भूगोलाचा आणि नगररचनेचा.

दिनांक २६ जुलै २००५ चा दिवस उपनगरवासी विसरलेले नाहीत. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. चोवीस तासांत हा पाऊस सारखा वाटून टाकला, तर ताशी ३९ मिलिमीटर एवढीच सरासरी निघते, आणि नव्या निकषात तो बसतो असा भ्रम होतो. प्रत्यक्षात त्यातला बहुतेक पाऊस दुपारपासून रात्रीपर्यंतच्या थोड्या तासांत कोसळला, त्यात समुद्राला भरती होती, आणि मिठीच्या काठची माणसे पाण्याने वेढली गेली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदला गेलेला पाऊस होता सुमारे ७३ मिलिमीटर! एका शहराच्या दोन टोकांना इतकी तफावत पडते, तेव्हा मोजक्या पर्जन्यमापकांवर विसंबून शहराचा पाऊस सांगता येत नाही, हे उघड झाले. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ साली आपला अहवाल दिला आणि महानगरपालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभारले. ती यंत्रे दर काही मिनिटांनी जी माहिती पाठवितात, ती वाचून तिचा अर्थ लावणारी माणसे हवीत. त्यांतला प्रत्येक जण स्थापत्य अभियंता असण्याची गरज नाही.

संख्याशास्त्राच्या पदवीधराला आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो, आणि एकदा येऊन गेला म्हणजे पुढची नव्याण्णव वर्षे निर्धास्त, अशी समजूत करून घेतो. त्याचा अर्थ एवढाच की, असा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. एखाद्या कुटुंबाने कर्ज काढून घेतलेल्या तळमजल्यावरील घरात तीस वर्षे काढली, तर त्या काळात तो पूर निदान एकदा पाहावा लागण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. घर घेताना हे कुणी सांगत नाही.

दारे कोणती?

आता प्रत्यक्ष प्रवेशाकडे वळू. येथे नावांचा घोटाळा फार आहे. ‘जलसंपत्ती अभियांत्रिकी’ या नावाचा एम.टेक. अभ्यासक्रम स्थापत्य अभियांत्रिकी विभागाचा असतो. पवईलाही तसेच आहे. या अभ्यासक्रमाचे दार सामान्यतः स्थापत्य किंवा कृषी अभियांत्रिकीच्या पदवीधरांसाठी असते. नुसत्या बी.एस्सी. वा बी.ए. पदवीवर तेथे प्रवेशाची आशा धरणे व्यर्थ होय. अंधेरीच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाही अभियांत्रिकीची पदवी लागते. परंतु त्याच इमारतींच्या शेजारी, निराळ्या पाट्यांखाली, पाण्याचाच विषय शिकविला जातो, आणि तेथे विज्ञानाच्या पदवीधरांना जागा असते.

यांतील पहिले दार पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचे. पवईच्या संस्थेतील या विभागाच्या एम.टेक.ला अभियंत्यांबरोबरच ठराविक विज्ञान विषयांतील एम.एस्सी. झालेले विद्यार्थीही येतात. त्यासाठी ‘गेट’ ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. २०२१ साली, ती परीक्षा घेण्याची जबाबदारी मुंबईच्याच तंत्रज्ञान संस्थेकडे असताना, तीत दोन महत्त्वाचे बदल झाले. पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकी अशी स्वतंत्र प्रश्नपत्रिका आली. आणि कला व वाणिज्य शाखांचे पदवीधर, तसेच पदवीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थी यांनाही परीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. या प्रश्नपत्रिकेत गणित आहे, रसायन आणि सूक्ष्मजीवशास्त्र आहे, जलसंपत्ती व जलगतिशास्त्र आहे, पाणी आणि सांडपाणी यांचे शुद्धीकरण आहे. रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झालेल्या विद्यार्थिनीला यातला अर्धा भाग ओळखीचा वाटेल. उरलेल्या अर्ध्यासाठी तिला कंबर कसावी लागेल.

दुसरे दार भूविज्ञानाचे. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या पाषाणाच्या थरांनी व्यापलेला आहे. वाळूच्या थरांत पाणी सर्वदूर पसरते; काळ्या पाषाणात ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या पट्ट्यांत साठते. म्हणून एकाच्या विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्याची कोरडी जाते. हे कोडे सोडविणारा शास्त्रज्ञ भूजलतज्ज्ञ असतो, आणि तो बहुधा भूविज्ञानाचा एम.एस्सी. असतो. पदवीला भूविज्ञान घेतलेल्यांना ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेमार्फत पवईच्या भूविज्ञान विभागात एम.एस्सी. करता येते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी आहे. केंद्रीय भूजल मंडळातील जलभूवैज्ञानिकांची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून होते आणि तीसाठी भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवी लागते, अभियांत्रिकीची नव्हे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतही भूवैज्ञानिकांचीच पदे आहेत. म्हणजे पाण्याच्या सरकारी नोकऱ्यांतील एक अख्खी शाखा अभियंत्यांसाठी नाहीच.

महाराष्ट्राबाहेर जाण्याची तयारी असेल, तर रुरकीच्या तंत्रज्ञान संस्थेतील जलविज्ञान विभागाचे नाव घ्यावे लागेल. युनेस्कोच्या साह्याने १९७२ साली तेथे जलविज्ञानाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू झाला. तेथील एम.टेक.साठी गणित, भौतिकी, भूविज्ञान यांसारख्या विषयांतील एम.एस्सी. पदवीधरांचाही विचार होत आला आहे. परदेशात नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे १९५७ पासून चालू असलेल्या जलशिक्षण संस्थेत निसर्गविज्ञानांचे पदवीधर अभियंत्यांबरोबर शिकतात. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे तर अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधराला सरळ प्रवेश देतात, मात्र अट घालतात : कलनशास्त्र, भौतिकी, स्थितिशास्त्र, द्रवयांत्रिकी असे पदवीस्तरावरचे विषय आधी पुरे करा, मग पदव्युत्तर वर्गात बसा. भारतातील विद्यापीठांनी ही पद्धत अजून मनावर घेतलेली नाही. ती घेण्यासारखी आहे. पदवी पाहून दार लावून घेण्यापेक्षा उणीव कोणती ते सांगणे आणि ती भरून काढण्यास एक वर्ष देणे हे विद्यार्थ्याच्या आणि राज्याच्याही हिताचे ठरेल.

अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल, विधी या विषयांच्या पदवीधरांसाठी निराळा विचार करावयास हवा. मुंबईचे पाणी मुंबईत पडत नाही. विहार व तुळशी यांचा वाटा लहानसा. बाकी सारे पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा या नद्यांवरील धरणांतून, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून येते. मोडकसागर १९५७ सालचे, मध्य वैतरणा २०१४ सालचे. शहापूर तालुक्यात ही मोठमोठी जलाशये आहेत, आणि त्याच तालुक्यातील काही गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते. जलवाहिनी जेथून निघते तेथील बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते आणि जेथे ती संपते तेथे मोटार धुतली जाते, हा प्रश्न नळाच्या व्यासाचा नाही. तो वाटपाचा, दराचा, हक्काचा आणि कायद्याचा आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने जलधोरण व जलशासन या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला तो याच जाणिवेतून, आणि तो अभियंत्यांपुरता मर्यादित ठेवला नाही. राज्यानेही २००५ च्या अधिनियमान्वये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले, तेव्हा त्यावर जलसंपत्ती अभियांत्रिकीच्या तज्ज्ञाच्या जोडीला जलसंपत्तीच्या अर्थकारणाच्या तज्ज्ञाची तरतूद केली होती. पाण्याच्या कामात अर्थशास्त्रज्ञाला अभियंत्याशेजारी खुर्ची द्यावी लागते, याची कायद्यानेच दिलेली ही कबुली होय.

पवईच्याच ‘सितारा’ या केंद्राचाही येथे उल्लेख करावयास हवा. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधण्याच्या हेतूने १९८५ साली हे केंद्र स्थापन झाले. त्याच्या एम.टेक.ला अभियांत्रिकीची पदवी लागते, पण ती कोणत्याही शाखेची चालते. म्हणजे यंत्र वा विद्युत शाखेचा अभियंताही तेथून पाण्याकडे वळू शकतो. टँकरवर अवलंबून असलेल्या गावांच्या नळपाणी योजना का फसतात, याचा शोध या केंद्राच्या विद्यार्थ्यांनी ठाणे-रायगडच्या गावांत जाऊन घेतला आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत पवईतच बसविली गेली. पेरोच्या खातेवहीचेच हे वंशज म्हणावयास हरकत नाही.

पदवीने काय मिळते, काय मिळत नाही

आता अप्रिय असे एक सत्य सांगितलेच पाहिजे, कारण जाहिरातींत ते नसते. विज्ञानाची पदवी घेऊन नंतर एम.टेक. केले, तरी शासकीय नियमांच्या दृष्टीने तो विद्यार्थी ‘अभियंता’ होईलच असे नाही. जलसंपदा विभागातील किंवा महानगरपालिकेतील अभियंत्यांच्या पदांसाठी अभियांत्रिकीची पदवी अथवा पदविका मागितली जाते, आणि जाहिरातीत मागितलेली मूळ अर्हता नसेल तर वरची पदवी कामी येत नाही. एम.टेक. हातात असूनही कनिष्ठ अभियंत्याच्या पदाचा अर्ज छाननीत बाद झाला, तर दोष कुणाला द्यावयाचा? विचारायचे राहून गेले, हेच त्याचे उत्तर असते.

ज्याला अभियंता म्हणूनच शासकीय सेवेत शिरावयाचे आहे, त्याच्यासाठी एक सरळ मार्ग आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची तरतूद राज्याच्या प्रवेश नियमांत आहे. पदविकाधारकांच्या नंतर त्यांचा क्रम लागतो, आणि अभियांत्रिकी आलेखन व उपयोजित यांत्रिकी हे पहिल्या वर्षाचे विषय त्यांना दुसऱ्या वर्षाबरोबर पुरे करावे लागतात. तीन वर्षे जातात, शुल्क भरावे लागते, वर्गमित्र वयाने लहान असतात. पण हाती येणारी पदवी स्थापत्य अभियंत्याची असते, आणि तिच्या बळावर जलसंपत्ती अभियांत्रिकीचे मूळ दारही उघडते. बाविसाव्या वर्षी तीन वर्षे फार वाटतात. तिसाव्या वर्षी छाननीत अर्ज फेटाळला जातो तेव्हा ती तितकीशी वाटत नाहीत.

याउलट, सांडपाणी प्रक्रिया, पाण्याची गुणवत्ता, भूजल, हवामानाच्या माहितीचे विश्लेषण, नकाशांकन, जलधोरण ही क्षेत्रे ज्यांना ओढ लावतात, त्यांनी अभियंता या शब्दाच्या मागे लागून वर्षे घालवू नयेत. सांडपाणी केंद्रात सूक्ष्म जंतूच मैल्याचे विघटन करतात. त्या जंतूंना प्राणवायू किती हवा, ते केव्हा मरतात, शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात काय उरते, हे सूक्ष्मजीवशास्त्र आणि रसायनशास्त्र जाणणाऱ्यानेच सांगावयाचे असते. काँक्रीटच्या टाक्या अभियंता बांधतो, हे खरे. त्या टाकीतली वस्ती मात्र दुसऱ्याच्या ताब्यात असते.

पूर्वतयारीचा प्रश्न उरतो. संध्याकाळचे दोन तास नेमाने दिले, तर साधारण वर्षभरात ती पुरी होते. आरंभ अकरावी-बारावीच्या गणिताची उजळणी करून करावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. मग कलनशास्त्र, विकलक समीकरणे, संभाव्यता व संख्याशास्त्र. ते जमल्यावर द्रवयांत्रिकी, आणि शेवटी जलविज्ञान व उघड्या नाल्यांतील प्रवाहाचे शास्त्र. हा क्रम उलटा करण्याचा मोह पडतो, कारण जलविज्ञान वाचावयास रंजक असते. पण द्रवयांत्रिकीवाचून वाचलेले जलविज्ञान परीक्षेपुरतेही टिकत नाही. तंत्रज्ञान संस्थांच्या प्राध्यापकांची या सर्व विषयांवरील व्याख्याने ‘एनपीटेल’ आणि ‘स्वयम्’ या शासकीय उपक्रमांतून विनामूल्य ऐकता येतात. पुराचे पाणी नदीपात्रात कसे पसरेल ते दाखविणारी ‘हेक-रास’, शहरातील नाल्यांचा हिशोब करणारी ‘स्वॉम’, नकाशांसाठी ‘क्यूजीआयएस’ ही संगणकप्रणालीही फुकट मिळतात. बोरिवलीच्या विद्यार्थ्याने दहिसर नदीचा, मुलुंडच्या विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील नाल्याचा उतार, रुंदी आणि पावसाळ्यातील पातळी महिनाभर नोंदून हिशोब मांडला, तर पाठ्यपुस्तकातील दहा उदाहरणांपेक्षा ते अधिक शिकवून जाईल. नाला भरून वाहत असताना मात्र काठावरून दूर उभे राहूनच मोजावे.

खर्चाबाबत एवढे सांगितले पाहिजे की, ‘गेट’ उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्या पात्र विद्यार्थ्यास दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन मिळण्याची सोय आहे. एम.ए., एम.एस्सी. या अभ्यासक्रमांना असे सार्वत्रिक विद्यावेतन नाही. तेथे शिष्यवृत्त्यांचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याने मार्ग निवडताना हा फरक नजरेआड करू नये.

‘गेट’चे अर्ज बहुधा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात निघतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, मिळालेले गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. परीक्षेस बसण्याची पात्रता आणि प्रवेशाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेला कला शाखेचा पदवीधरही बसू शकतो. प्रवेश कुणाला, हे प्रत्येक संस्थेचा प्रत्येक विभाग स्वतः ठरवितो, आणि ते नियम वर्षागणिक बदलतात. तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका काढावी, पात्रतेच्या रकान्यात आपल्या पदवीचे नाव आणि विषय अक्षरशः छापलेले आहेत की नाहीत ते पाहावे. ‘समकक्ष’ असा शब्द आढळला, तर विभागाला पत्र पाठवून आपली पदवी त्यात बसते काय, हे लेखी विचारून घ्यावे आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. नोकरीची ज्यांना घाई आहे, त्यांनी जलसंपदा विभाग, भूजल यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्या मागील दोन-तीन भरतींच्या जाहिराती त्याच बैठकीत वाचाव्यात, आणि त्यांतील अर्हतेचा परिच्छेद अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेशेजारी ठेवून ताडून पाहावा.